जेलमधून दावा लावायचाय? आधी तक्रारीचा कागद दाखवा (अमेरिका)

कागदवाली | मंगळवार, रात्री ९:४०

दुसऱ्या एका धाग्यावर 'अमेरिकेत काय, कैदीसुद्धा उठसूट सरकारला कोर्टात खेचतात' हे वाक्य वाचलं आणि हात शिवशिवले. तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा.

मी टेक्सासमध्ये एका छोट्या वकिली ऑफिसात पॅरालीगल आहे. वकील नाही, तेव्हा इथलं काही वाचून कुणी दावा लावू नये. सोमवारचं टपाल फोडणं माझ्याकडे असतं. त्यात कैद्यांची पत्रं असतात. पिवळा रेघी कागद आणि बोटभर लांबीच्या, वाकणाऱ्या पेनाने काढलेली अक्षरं. ताठ पेन बऱ्याच जेलांत देत नाहीत, त्याचं हत्यार होतं. पहिल्या पानावर काय झालं ते असतं: मारलं, औषध दिलं नाही, दाढ सुजली तरी डेंटिस्ट नाही. मी मात्र आधी शेवटचं पान उलटते. तक्रार टाकली का? कधी? उत्तर आलं का? वर अपील केलं का? नोकरी लागली तेव्हा मला हे फार निष्ठुर वाटायचं. आता हात आपोआप तिकडे जातो, कारण प्रकरण बहुतेक वेळा तिथेच मेलेलं असतं.

कारण १९९६ चा कायदा, प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट. आम्ही पीएलआरए म्हणतो. क्लिंटननी २६ एप्रिल १९९६ ला सही केली, तीसुद्धा सरकारी खर्चाच्या एका अवाढव्य विधेयकावर, ज्याला हे शेपूट जोडलेलं होतं. त्यातली एक ओळ अशी की तुरुंगातल्या परिस्थितीबद्दल फेडरल कायद्याखाली दावा लावायचा तर तुरुंगाने ठेवलेली तक्रारीची वाट आधी शेवटच्या पायरीपर्यंत चालून यायची.

असा दावा बहुतेक वेळा लागतो तो कलम १९८३ खाली. (हे साल नाही, कलमाचा आकडा आहे. माझाही सुरुवातीला घोळ झाला होता.) कलम मुळात १८७१ चं. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कु क्लक्स क्लानचे लोक काळ्या नागरिकांना मारत होते आणि स्थानिक शेरीफ बघत बसत होते. अशा वेळी नागरिकाला थेट फेडरल कोर्टात जाता यावं म्हणून ते केलं. म्हणजे गावच्या अंमलदारावर भरवसा नाही, म्हणून जो दरवाजा उघडला, त्याच दरवाजावर सव्वाशे वर्षांनी पाटी लागली, 'आधी अंमलदाराकडे अर्ज करून या.'

वाट किती लांब आहे ते फेडरल तुरुंगाच्या उदाहरणावरून बघा. आधी बीपी-८ हा फॉर्म, म्हणजे स्टाफशी बोलून मिटतंय का. मग बीपी-९ वॉर्डनकडे (म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाकडे), घटनेपासून वीस दिवसांत. वॉर्डनचं उत्तर पटलं नाही तर वीस दिवसांत बीपी-१० विभागीय कार्यालयाकडे. तिथेही नाही म्हणाले तर तीस दिवसांत बीपी-११ वॉशिंग्टनला. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीची प्रत जोडायची. आता ही प्रत एकांत कोठडीत बसून कशी काढायची ते मला विचारू नका.

टेक्सासच्या राज्य तुरुंगांत पायऱ्या दोनच, पण पहिलीला पंधरा दिवस. काउंटी जेलांचं आणखी निराळं. प्रत्येकाची आपली पुस्तिका, आपली मुदत.

मुदत चुकली तर? २००६ च्या वुडफर्ड विरुद्ध न्गो खटल्यात सॅन क्वेंटिनमधल्या एका कैद्याची तक्रार 'उशीर झाला' म्हणून परत केली होती. कॅलिफोर्नियाची मुदत तेव्हा पंधरा कामाच्या दिवसांची होती. तो म्हणाला, वर जायला आता वाटच उरली नाही, म्हणजे माझी वाट चालून संपली. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की वाट 'नीट' चालली पाहिजे, मुदतीसकट. विरोधी मतात न्या. स्टीव्हन्स यांनी दाखवून दिलं की नऊ राज्यांत ही मुदत दोन ते पाच दिवसांची आहे. दोन दिवस! मार खाल्लेला माणूस दवाखान्यातून बराकीत परत येईपर्यंत संपली.

आज इतकंच. प्रश्न असतील तर विचारा.

उगाच_एक | मंगळवार, रात्री १०:१५

लेख चांगला, पण दुसरी बाजू कुठे आहे? हा कायदा काही उगाच आला नाही. कुरकुरीत पीनट बटर मागितलं तर मऊ दिलं, म्हणून दावा लावणारे कैदी होते. कोर्टांनी बाकीची कामं करायची की नाही? आणि आधी ऑफिसात अर्ज द्या, मग कोर्टात जा, यात अन्याय तो काय? आपण सोसायटीच्या भांडणात पण आधी सेक्रेटरीला पत्र देतो.

कागदवाली | मंगळवार, रात्री ११:०२

पीनट बटर येणार याची खात्री होती. :)

ती गोष्ट वॉशिंग्टनमध्ये फार फिरवली गेली. फेडरल अपील कोर्टाचे न्यायाधीश जॉन न्यूमन यांनी १९९६ मध्ये मूळ कागद काढून पाहिले. कैद्याने कॅन्टीनमधून स्वतःच्या पैशाने बरणी मागवली होती. चुकीची आली, त्याने परत केली. बदलून यायच्या आत त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली. अडीच डॉलर खात्यातून गेले आणि बरणीही मिळाली नाही. वाद अडीच डॉलरचा होता, कुरकुरीत की मऊ याचा नव्हता. छोटा होता हे मान्य, पण वेडगळ नव्हता.

फालतू दावे येत नाहीत असं मी म्हणणार नाही, माझ्या टपालातही येतात. आणि आधी अर्ज द्या हे तत्त्व मला स्वतःला चुकीचं वाटत नाही. ब्लँकेट कमी पडलं तर ते जेलर एका दिवसात देऊ शकतो, त्याला न्यायाधीश कशाला? पण सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहिलेलं पत्र चार दिवस उशिरा गेलं म्हणून तुमचा फ्लॅटवरचा हक्क जात नाही. शिवाय सेक्रेटरीनेच तुम्हाला मारलं असेल, तर पत्र त्याच्याच हातात द्या आणि पोच मागा, असं कुणी म्हणत नाही. इथे फॉर्म मागायचा तोही बऱ्याचदा त्याच पहारेकऱ्याकडे.

खंडपीठ | बुधवार, सकाळी ८:२० (भारतीय वेळ)

वकील आहे, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) वकिली करतो. शंका अशी की नुकसानभरपाईच मागायची असेल आणि तुरुंगाच्या तक्रार कक्षाला पैसे द्यायचा अधिकारच नसेल, तर तिथे जाऊन उपयोग काय? आपल्याकडे पर्यायी उपाय परिणामकारक नसेल तर रिट याचिका थेट चालते. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तर पर्यायी उपाय आहे एवढ्यावर कोर्ट दार लावत नाही.

कागदवाली | बुधवार, सकाळी ७:०५

अगदी हाच मुद्दा २००१ च्या बूथ विरुद्ध चर्नरमध्ये होता. पेनसिल्वेनियाचा कैदी, मारहाणीची भरपाई मागत होता, आणि तिथला तक्रार कक्ष पैसे देऊच शकत नव्हता. कोर्ट एकमताने म्हणालं, तरी आधी तिथेच जा. पुढच्या वर्षी पोर्टर विरुद्ध नसल आला. त्यात 'तुरुंगातली परिस्थिती' म्हणजे फक्त जेवण-पाणी-गर्दी नव्हे, एकदाच झालेली मारहाणसुद्धा त्यातच धरायची असं ठरलं. दोन वर्षांत दोन खिडक्या बंद.

बाबुराव_निवृत्त | बुधवार, सकाळी ११:४० (भारतीय वेळ)

महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यात नोकरी केली. टेबलाच्या या बाजूने लिहितो. आमच्याकडे तक्रारपेटी असते. ती कशी आली हे पुष्कळांना माहीत नाही. तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं. सुनील बात्रा प्रकरण, डिसेंबर १९७९, न्या. कृष्ण अय्यर. त्यातच सांगितलं की तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या हुकमतीखाली ठेवा. अधीक्षकाच्या नव्हे. यातली खुबी लक्षात घ्या. पेटी कुठे टांगली याला महत्त्व नाही, किल्ली कुणाकडे याला आहे.

आता खरं सांगतो. पेटीत चिठ्ठी टाकताना कोण दिसतो हे बराकीतला वॉर्डर बघतोच. त्यामुळे शहाणा बंदी पेटीकडे फिरकत नसे. तो न्यायाधीशांच्या भेटीची वाट बघे, नाहीतर तारखेला कोर्टात तोंड उघडे. पण एक, आमच्याकडे पेटीत चिठ्ठी टाकली नाही म्हणून कोर्टाने कुणाला परत पाठवल्याचं माझ्या नोकरीत पाहिलं नाही.

खंडपीठ | बुधवार, दुपारी १:१० (भारतीय वेळ)

काकांना अनुमोदन. यात महाराष्ट्राचं एक जुनं प्रकरण आठवतं, प्रभाकर पांडुरंग संझगिरी. साठच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं आणि छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले. सरकारने नाही म्हटलं, ते हायकोर्टात गेले आणि जिंकले. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टातही सरकार हरलं. तिथे पीएलआरए असता तर विचारलं असतं, अपिलाचा फॉर्म भरलात का?

अर्थात आपल्याकडे दार उघडं असलं तरी आतली रांग किती लांब आहे ते मी रोज बघतो. फार कौतुक नको.

तिळगूळ | बुधवार, संध्याकाळी ६:३०

नेहमी वाचनमात्र असते, पहिल्यांदाच लिहितेय. घाई आहे म्हणून थेट विचारते.

माझा पुतण्या टेक्सासच्या एका काउंटी जेलमध्ये आहे, खटला अजून उभा राहिलेला नाही. कोणती केस ते इथे काढत नाही. तीन आठवड्यांपूर्वी वरच्या बंकवरून उतरताना पडला. उजवं मनगट टम्म सुजलं. अकरा दिवस एक्स-रे नाही. गोळी देऊन परत पाठवायचे. शेवटी काढला तर हाड मोडलेलं निघालं. त्याने टॅबलेटवर तक्रार टाकली होती. शनिवारी स्क्रीनवर उत्तर आलं, 'क्लोज्ड. मेडिकलला कळवले आहे.' त्याला वाटलं झालं काम. मी इकडून टेक्सासच्या जेल कमिशनला सविस्तर पत्र पाठवलंय. आमचा वकील फक्त क्रिमिनल केस बघतो. हा धागा वाचून पोटात गोळा आला. आणखी काही करायला हवं होतं का? आणि तो तर अजून आरोपी आहे, त्याला हा कैद्यांचा कायदा लागतो का?

कागदवाली | बुधवार, संध्याकाळी ६:५२

तिळगूळताई, आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा. त्या जेलची कैद्यांसाठीची पुस्तिका शेरीफच्या साइटवर आहे का बघा. तिच्यात 'ग्रीव्हन्स अपील' शोधा. किती दिवस दिलेत ते इथे लिहा.

तिळगूळ | बुधवार, संध्याकाळी ७:२०

सापडलं. उत्तर मिळाल्यापासून पाच दिवस. कामाचे की सगळे, लिहिलेलं नाही.

कागदवाली | बुधवार, संध्याकाळी ७:४१

लिहिलेलं नसेल तर सगळे धरा. शनिवारपासून पाच म्हणजे उद्या गुरुवार. त्याच्यापर्यंत आज किंवा उद्या निरोप पोचला पाहिजे. व्हिडिओ भेट मिळते का बघा. नाही मिळाली तर क्रिमिनल वकिलाला फोन करून उद्या भेटायला सांगा. ते सगळ्यात बरं, वकिलाची भेट गोपनीय असते. तुमचे फोन आणि व्हिडिओ रेकॉर्ड होतात. मराठीत बोललात म्हणून सुटका नाही, दुभाषे मिळतात. म्हणून मूळ केसबद्दल अवाक्षर नको. मनगटाबद्दलही गोष्ट सांगत बसू नका, इतकंच म्हणा: 'अपील आजच टाक. क्लोज्ड म्हटलं तरी टाक.'

आता तुमचे प्रश्न.

आरोपीला लागतो. कायद्यातली 'प्रिझनर' ही व्याख्या शिक्षा झालेल्याला आणि नुसता आरोप असलेल्याला सारखीच लागू आहे. (इमिग्रेशनवाल्यांनी पकडून ठेवलेले लोक त्यात येत नाहीत असं अनेक अपील कोर्टांनी म्हटलंय, कारण ती कोठडी दिवाणी धरतात. तुमचं तसं नाही.)

कमिशनला पत्र चांगलं केलंत, पण ते या वाटेत मोजत नाहीत. २०१६ चं रॉस विरुद्ध ब्लेक बघा. मेरीलँडचा कैदी. पहारेकऱ्याने मारलं, त्याने लगेच वरच्या अधिकाऱ्याला सांगितलं, खात्याच्या अंतर्गत चौकशी विभागाने वर्षभर चौकशी केली आणि मारणाऱ्यावर ठपकाही ठेवला. कुणालाही वाटेल, याहून मोठी तक्रार कोणती? पण ठरलेला फॉर्म भरला नव्हता, तर सरकारी वकील तेच धरून बसले. 'विशेष परिस्थिती' म्हणून सूट द्यायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला.

त्याच निकालात न्या. केगन यांनी एक फट मात्र ठेवली. कायदा 'उपलब्ध' असलेली वाट चाला म्हणतो. वाट कागदावरच असेल, अधिकारी काहीच देत नसतील, तर ती उपलब्ध नाही. नियम इतके गुंतागुंतीचे की साध्या माणसाला कळणारच नाहीत, तरीही नाही. आणि अधिकाऱ्यांनी धाक दाखवून, खोटं सांगून किंवा डाव टाकून अडवलं असेल, तरीही नाही. नंतर कोर्टात भांडायला ही फट ठीक आहे. आज तिच्या भरवशावर बसू नका.

उगाच_एक | बुधवार, रात्री ८:३०

तिळगूळ, पुतण्याला लवकर बरं वाटो. कालचा माझा सूर जरा हलका होता.

पण मग पहारेकऱ्याने फॉर्मच फाडला तर? ते सिद्ध कसं करायचं?

कागदवाली | बुधवार, रात्री ९:१०

हाच प्रश्न जून २०२५ मध्ये पर्टू विरुद्ध रिचर्ड्समध्ये आला. मिशिगनचा कैदी. म्हणणं असं की एका कर्मचाऱ्याने लैंगिक छळ केला आणि तक्रारीचे फॉर्म फाडून टाकले. आता फॉर्म फाडला का हे कोण ठरवणार, एकटा न्यायाधीश की ज्युरी? पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हा वाद मूळ तक्रारीतच गुंतलेला असेल तर ज्युरी. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकाल लिहिला, आणि न्या. गोरसच हेही त्यांच्या बाजूने होते. आमच्या ऑफिसात त्या दिवशी केक आणला होता. वीस वर्षांत अशा बातम्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

त्याआधीची एक म्हणजे २००७ चं जोन्स विरुद्ध बॉक. तक्रारीची वाट चालली हे कैद्याने दाव्यात आधीच सिद्ध करायची गरज नाही, चालला नाही हे जेलवाल्यांनी दाखवायचं.

सदाफुली | बुधवार, रात्री ११:२५

सरळ हेबियस कॉर्पस टाकून त्याला बाहेर काढता येत नाही का? आणि भारतीय दूतावास काय करतो?

कागदवाली | गुरुवार, सकाळी ६:५०

हेबियस कोठडीच बेकायदेशीर आहे म्हणायला. मनगटाच्या उपचारासाठी ती वाट साधारण चालत नाही. मुलगा भारतीय नागरिक असेल तर व्हिएन्ना कराराप्रमाणे वाणिज्य दूतावासाला कळवून घ्यायचा हक्क आहे, त्यांचे लोक भेटूही शकतात. जरूर कळवा. फॉर्म मात्र त्याचा त्यालाच भरायचा आहे.

घरच्यांनी तक्रार टाकायची सोय लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत आहे. २००३ च्या वेगळ्या कायद्याखाली २०१२ मध्ये नियम आले, त्यात तशा तक्रारीला मुदत घालता येत नाही. एवढं एकच काम इथल्या सरकारने मनापासून केलंय असं माझं मत.

बाबुराव_निवृत्त | गुरुवार, सकाळी ९:३० (भारतीय वेळ)

ताई, पुतण्याला सांगा, दवाखान्यात ज्या ज्या दिवशी नेलं ती तारीख आणि पाळीवरच्या माणसाचं आडनाव लिहून ठेव. आमच्याकडे डॉक्टरच्या नोंदवहीत रिकामी ओळ सोडत नसत. नंतर भरता येते म्हणून नव्हे, नंतर भरली असं म्हणता येऊ नये म्हणून. तिकडे काय पद्धत आहे देव जाणे.

तिळगूळ | गुरुवार, दुपारी ४:०५

वकीलसाहेब सकाळी जाऊन आले. त्यांच्या समोर नाही, पण ते निघाल्यावर लगेच टाकतो म्हणाला. टाकलं की नाही कळायला मार्ग नाही. टॅबलेटचा फोटो काढता येत नाही, प्रिंट मिळत नाही.

समजा काही चुकलंच, तर सगळं संपलं का?

कागदवाली | गुरुवार, संध्याकाळी ५:३०

नाही. दावा लावताना माणूस आत असेल तर ही अट. सुटल्यावर लावलेल्या दाव्याला ती लागत नाही असं बहुतेक अपील कोर्टांचं मत आहे. टेक्सासमध्ये अशा दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत. सुटेपर्यंत ती संपू देऊ नका, आणि हा हिशेब नागरी हक्कांच्या वकिलाकडून करून घ्या. पीएलआरएत आणखीही काटे आहेत. नुसत्या मनस्तापाची भरपाई शारीरिक इजा दाखवल्याशिवाय मागता येत नाही (तुमच्याकडे एक्स-रे आहे). आत असताना फी भरायची ऐपत नसेल तरी माफ होत नाही, खात्यातून हप्त्याने कापून घेतात. आणि कैदी जिंकला तरी वकिलाची फी भरपाईच्या दीडपटीवर बांधलेली. म्हणून अशा केसेस घ्यायला वकील मिळत नाहीत. आमच्याकडेही शंभर पत्रांना 'क्षमस्व' लिहावं लागतं, ते मीच टाईप करते.

अपील टाकलं की स्क्रीनवर नंबर येतो. तो आणि तारीख-वेळ कागदावर उतरवून त्याच दिवशी तुम्हाला पोस्टाने पाठवायला सांगा.

तिळगूळ | पुढचा बुधवार, दुपारी १:१५

धागा वर काढतेय. पत्र आलं आज.

एकच कागद. डाव्या हाताने लिहिलंय, उजवा प्लास्टरमध्ये आहे. अक्षरं बालवाडीतल्यासारखी, ओळ खाली घसरत गेलीय. गुरुवार, ११:५२, अपील, आणि खाली नऊ आकडी नंबर. त्यात दोन आकडे असे झालेत की एक की सात कळत नाही. ते त्यालाही कळलं असावं, कारण दोन्हींच्या डोक्यावर बारीक मराठीत लिहिलंय, 'सात'. लहानपणी आजीकडे दोन उन्हाळे शिकला होता तेवढंच मराठी.

कागदवाली | पुढचा बुधवार, दुपारी १:२२

ताई, पाकीट फेकू नका. पोस्टाचा शिक्का त्याच्यावर आहे.